काकांचं वाचन आणि आत्याचा कॉम्प्युटर

८ जानेवारी

चि. खुडबुड्या,

आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत. तुझे काका गॅलरीत बसून शेजारणीचा मिक्सर उघडतायत. बस डेपोतून निवृत्त झाले तरी त्यांचे हात काही निवृत्त होत नाहीत. लहानपणी तू आमच्या घड्याळाचे सगळे अवयव वेगळे केलेस आणि खुडबुड्या हे नाव पडलं, त्याला हेच जबाबदार, असं मी आजही म्हणते.

काम असं की मला घरी कॉम्प्युटर घ्यायचाय. हसून घे, मग पुढे वाच. फोनवर तू "बघतो आत्या" म्हणतोस आणि बघत नाहीस, म्हणून पत्र. पत्राला उत्तर द्यावंच लागतं.

आमच्या छापखान्याचे मालक आता प्रुफं कागदावर देणार नाहीत. एप्रिलपासून सगळी पानं कॉम्प्युटरवर यायची, तिथेच तपासायची आणि तिथूनच परत पाठवायची. मला त्याचं वावडं नाही, उलट फार उत्सुकता आहे. बंद केल्यावर ती पानं आत कुठे जाऊन बसतात? आपण पान वाचलं हे त्याला कळतं का? कुणाला विचारलं तर माझ्याकडे दयेने बघतात. तू बघणार नाहीस.

शिवाय घाई आहे. घरातल्या झाडांचं एक पुस्तक मी तपासलं होतं. मूळ प्रतीत होतं, "निवडुंगाला रोज पाणी घालू नका." छापून आलं, "रोज पाणी घाला." एक गृहस्थ सडलेल्या निवडुंगाची कुंडी घेऊन थेट छापखान्यात हजर झाले. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं. मालक म्हणाले, "बाई, पुढची कादंबरी बिनचूक गेली तर ठीक. नाहीतर आपण थांबू." हे काम गेलं तर मी घरात नुसती बसून काय करू, मला खरंच माहीत नाही. तर कोणता घेऊ ते कळव. पैसे बेताचेच आहेत.

तुझी आत्या


१६ जानेवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. हसलो नाही. ऑफिसात दिवसभर लोकांचे कॉम्प्युटर बघतो, पण "पानं आत कुठे जाऊन बसतात" असं आजवर एकानेही विचारलं नाही. ती एका डबीत बसतात, तिला साठवण म्हण. मशीन बंद केलं तरी ती जागची हलत नाहीत. आणि मेमरी म्हणून दुसरी जागा असते, ते तुझं टेबल समज. कामाचं तेवढं त्यावर पसरायचं, उठताना आवरायचं. टेबल लहान असलं की काम तुंबतं, तसंच मेमरी कमी असली की मशीन रेंगाळतं. आणि नाही, तू पान वाचलंस हे त्याला कळत नाही.

आता कोणता घ्यायचा हा प्रश्न मागून, आधी त्यावर करायचं काय हा प्रश्न. लोक उलटं करतात आणि फसतात. तर उत्तरं दे. एका जागी बसून काम करणार की घरभर घेऊन फिरणार? प्रुफांशिवाय आणखी काही करणार आहेस? सिनेमे, फोटो, खेळ? खेळांसाठी दुकानदार महागडं कार्ड गळ्यात मारतात, ते तुला नको. जरा मागच्या वर्षीचं मॉडेल घेतलं तर काही बिघडत नाही. दुकानात गेलीस तर बजेट आधी सांगू नकोस. स्वतः खुर्चीत बसून, टाइप करून बघ.

आणखी एक, तुझ्या धंद्याच्या उपयोगाचं. हल्ली कॉम्प्युटर पान मोठ्याने वाचून दाखवतो, आपल्या भाषेतसुद्धा. आवाज रुक्ष असतो, पण जे असेल तेच वाचतो. त्यासाठी भारी मशीन लागत नाही, साध्यावरही चालतं. दिवसभर डोळे शिणवण्यापेक्षा कधी कानाने तपासता येईल. हवंय का, सांग.

आणि पत्र कशाने लिहिलंस? पाट्या रंगवायच्या पेनाने? एका पानावर आठच ओळी! कागद स्वस्त झाला काय तिकडे?

तुझा
खुडबुड्या


२८ जानेवारी

चि. खुडबुड्या,

पत्र मिळालं. ह्यांनी वाचून दाखवलं. मी तेव्हा कणीक मळत होते.

टेबलाची गोष्ट लगेच पटली. आम्ही दुकानात जाऊन आलो. तू सांगितलंस तसं बजेट सांगितलं नाही, तर दुकानदाराने ह्यांच्या चपलांकडे बघून स्वतःच ठरवलं आणि कोपऱ्यातला एक दाखवला. मी म्हटलं, पडदा लहान आहे. मग दुसरा, मग तिसरा. मी प्रत्येकासमोर बसले, मान जरा वाकडी करून कडेने बघितलं, अक्षरं मोठी करायला लावली. तो बिचारा म्हणाला, "मावशी, तुम्ही कॉम्प्युटर बघताय की त्याच्यावर पाळत ठेवताय?" तुझे काका तोवर खाली वाकून डब्याचा पंखा ऐकत होते. म्हणाले, ह्याचं बेअरिंग घासतंय. दुकानदाराने उघडून बघितलं तर खरंच घासत होतं. त्यानंतर आम्हाला सरबत मिळालं.

तुझी उत्तरं. एका जागी बसूनच काम करणार. खेळ नकोत. सिनेमे नकोत. मला हवा आहे तो भिंतीला लावतात तसा मोठा पडदा. अक्षर तळहाताएवढं दिसलं पाहिजे. रंग कसेही असोत. बाकी मशीन कसलंही चालेल, पण पडद्यावर मी तडजोड करणार नाही.

पेनाचं म्हणशील तर घरात तेच सापडलं.

तुझी आत्या


४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

त्या पडद्यात तुझं सगळं बजेट जाईल आणि मशीन घ्यायला काही उरणार नाही. मग नुसता पडदा भिंतीला लावून पूजा कर. लॅपटॉपऐवजी टेबलावरचा घे म्हणजे पडदा वेगळा निवडता येतो, हे मान्य. पण प्रुफाला एवढा पडदा कशाला? काकांना क्रिकेट बघायचंय का? तसं असेल तर सरळ सांग, मी त्यांच्या बाजूने आहे.

आणि तू नेहमी माझ्या प्रत्येक वाक्याला उत्तर देतेस, पेनाच्या चेष्टेलासुद्धा दिलंस. पण कॉम्प्युटर वाचून दाखवतो असं मी लिहिलं, त्यावर चकार शब्द नाही. एरवी अशा गोष्टीवर तू दहा प्रश्न विचारले असतेस. काय झालं?

खुडबुड्या


११ फेब्रुवारी

चि. खुडबुड्यास अनेक आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे. तुझी आत्या तिच्या बहिणीकडे गेली आहे तेवढ्यात लिहितो.

तुझ्या आत्याचे डोळे गेलेत. म्हणजे पुरते नाही. समोर जिथे बघेल नेमकं तिथे धुरकट दिसतं, कडेचं तेवढं दिसतं. दोन डॉक्टर झाले. दोघेही म्हणाले, आहे ते टिकवा, गेलेलं येणार नाही. छापखान्यात माहीत नाही. ती सांगू देत नाही. म्हणते, ज्या बाईला दिसत नाही तिला प्रुफं कोण देईल.

वर्षभर मी तिला वाचून दाखवतो. सकाळी चहा झाला की बसतो. स्वल्पविराम आला की "स्वल्पविराम" म्हणतो, नवीन परिच्छेद आला की सांगतो. ती ऐकते, अडलं की थांबवते, मी खूण करतो. आयुष्यभर ग्रीसमध्ये हात घातले, पुस्तक कधी धरलं नाही. आणि ह्या वर्षात मी कायदा वाचला, स्वयंपाक वाचला, झाडं वाचली. आता ती कादंबरी चालू आहे. त्यात नावाड्याची एक मुलगी आहे, फार गुणी पोर आहे. सकाळी उठलो की वाटतं, आज तिचं काय होतं बघू.

तुझं वाचणाऱ्या कॉम्प्युटरचं मी तिला वाचून दाखवलं नाही. तो मजकूर गाळला. तुझं दुसरं पत्रही अर्धंच वाचलं. तुला राग येईल, येऊ दे. पण तो डबा वाचायला लागला तर माझं काय काम? डेपोने घड्याळ देऊन घरी पाठवलं तेव्हा मी वर्षभर खिडकीत बसून होतो, तुला माहीत आहे. परत तिथे बसायची मला भीती वाटते.

तेव्हा तिला मोठा पडदा घेऊन दे. वाचणारा नको. आणि हे पत्र फाडून टाक.

तुझा काका


१३ फेब्रुवारी

चि. खुडबुड्या,

हे पत्र मी स्वतः पेटीत टाकायला जाणार आहे, ह्यांच्या हाती द्यायचं नाही. म्हणून समजून वाच.

तुझं दुसरं पत्र वाचताना हे मध्येच थांबले. बोट एका ओळीवर राहावं आणि वाचन पुढे उडी मारून जावं, तसा आवाज लागला. मला आवाजात सगळं कळतं आता. ताईकडे जाताना तुझी दोन्ही पत्रं पिशवीत घातली आणि तिच्याकडच्या भिंगाने एकेक शब्द करत वाचली. दोन दुपारी गेल्या, डोकं ठणकलं. पण तो गाळलेला मजकूर सापडला.

तर आता खरं सांगते. मला नीट दिसत नाही. मोठा पडदा त्याच्यासाठी. तुझ्यापासून लपवलं, कारण तू लगेच "आता आराम कर आत्या" म्हणाला असतास.

मला ह्यांचा राग आला, पण तो थोडाच वेळ टिकला. मग दुसरीच शंका आली. घरी येऊन ते झाडांचं पुस्तक काढलं. त्याची तपासलेली प्रुफं माळ्यावर होती, निवडुंगाचं पान ताईकडून आणलेल्या भिंगाखाली धरलं. प्रुफातच "घाला" होतं. आणि मला ह्यांनी वाचून दाखवलेलं लख्ख आठवतं, "घालू नका, पूर्णविराम." खोटं नाही बोलले रे. निवडुंगाला रोज पाणी घालत नाहीत हे त्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यांनी तसं वाचलं. बिघडलेलं काही समोर आलं की ह्यांच्याकडून ते नीट होऊनच बाहेर पडतं. वर्षभर मी ह्यांनी दुरुस्त केलेली पुस्तकं ऐकतेय आणि बिनचूक म्हणून सह्या करतेय!

मला वाचणारा कॉम्प्युटर हवा. जे असेल तेच वाचणारा. नाहीतर ही कादंबरीही तशीच जाईल आणि माझं काम गेलंच म्हणून समज. पण निवडुंग कुणामुळे सडला हे ह्यांना कळता कामा नये. मालकांसमोर मी माझी चूक म्हणून मान खाली घातली, ती तशीच राहू दे. आणि वाचन बंद करा असं ह्यांना सांगायचं धाडस माझ्यात नाही. सकाळी चष्मा पुसून, घसा खाकरून बसतात ना, मला ते ऐकायला फार आवडतं. काय करू ते तूच सांग.

आत्या


२२ फेब्रुवारी

प्रिय काका आणि आत्या,

हे पत्र दोघांसाठी आहे. काका, तुम्ही मोठ्याने वाचा. आणि कृपा करून लिहिलंय तेच वाचा, एकही शब्द न गाळता. आत्याकडे भिंग आहे.

तुम्ही दोघांनीही मला चोरून पत्रं लिहिली. एकाला वाचणारा नकोय, एकाला वाचणाराच हवाय. दोघांनीही दुसऱ्याला सांगू नको म्हणून बजावलंय. मी मशीन दुरुस्त करतो हो, मला ह्यात कशाला घातलंत? चार दिवस झोप नाही. कुणी काय लिहिलं ते मी सांगणार नाही. ते तुम्ही एकमेकांना सांगा, आजच, ह्या पत्रानंतर. काका, इथे थांबू नका, पुढे वाचा.

कॉम्प्युटरचं मात्र सांगतो, कारण तेवढंच मला कळतं. टेबलावरचा साधा घ्या, खेळांचं कार्ड नको, मेमरी मात्र ऐसपैस. पडदा मोठाच हवा. ऱ्हस्व-दीर्घ कानाला कळत नाही, त्याला डोळेच लागतात, आणि अक्षर तळहाताएवढं झालं की आत्याला कडेने दिसेल. आमच्या ऑफिसातले मोठे पडदे बदलतायत, जुना एक मी स्वस्तात घेऊन पाठवतो. उरलेल्या पैशांत बरे स्पीकर येतील. वाचायची सोय मशीनमध्ये असतेच. ती चालू करायची की नाही ते मी ठरवणार नाही. कोणतं बटण दाबायचं ते वेगळ्या कागदावर लिहून पाठवतोय.

मला तुम्ही दोघंही फार हवे आहात. भांडा, पण बोला.

तुमचा
खुडबुड्या


२ एप्रिल

चि. खुडबुड्या,

हे पत्र मी टाइप केलंय. केल्यावर मशीनने मला वाचून दाखवलं. त्याचा आवाज बँकेत नंबर पुकारतात तसा आहे, पण माणूस प्रामाणिक आहे. मी त्याला माणूसच म्हणते, तू हसू नकोस.

तुझं पत्र ह्यांनी शेवटपर्यंत वाचलं. गाळलं काही नाही. आधी ते बोलले, खिडकीत बसायच्या भीतीचं. मला इतकं वाईट वाटलं की मी निवडुंगाचं सांगणारच नव्हते. पण मग सगळं सांगितलं. ते पान हातात घेऊन त्यांनी कितीतरी वेळा वाचलं. म्हणाले, "अगं, मी बदललं नाही. मला ते तसंच दिसलं." आणि उठून मालकांकडे जायला निघाले, चूक माझी आहे म्हणून सांगायला. शर्टाची बटणंही उलटसुलट लावली होती. मी दारात हात धरून थांबवलं.

मग दोघंही गेलो, दुसऱ्या दिवशी, नीट बटणं लावून. मी मालकांना डोळ्यांचं सांगून टाकलं. ते छताकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, "बाई, डोळे कुणाचे का असेनात, मला पानं स्वच्छ हवीत. कादंबरी बघू, मग बोलू."

पडदा पोचला, साधं मशीनही घेतलं, आणि मालकांनी एप्रिलची वाट न बघता कादंबरीची पानं पहिल्यापासून कॉम्प्युटरवर पाठवली. स्पीकर ह्यांनी आणल्या आणल्या उघडून परत बसवले, त्याशिवाय त्यांना चैन पडेना. आणि युक्तीही त्यांनीच काढली. पहिल्या दिवशी मशीन प्रुफं वाचायला लागलं, तेव्हा हे मूळ प्रत मांडीवर घेऊन उगाच शेजारी बसले. तिसऱ्या पानावर एकदम म्हणाले, "थांब, खडखडलं." मशीनने एक अख्खी ओळ दोनदा वाचली होती, प्रुफात ती दोनदाच होती. मला वाटलं लेखकाने जोर द्यायला लिहिली. ह्यांनी मूळ प्रतीत बोट ठेवलं, तिथे एकदाच होती. डेपोत ड्रायव्हर काय तक्रार सांगतोय ते हे कधी ऐकत नसत, इंजिन चालू करायला लावत. स्वतः वाचताना दुरुस्त करतात, पण दुसरं कुणी चालवत असलं की खोट बरोबर पकडतात. आता मशीन वाचतं, हे मूळ प्रत धरून ऐकतात, मी निवाडा करते आणि ऱ्हस्व-दीर्घ पडद्यावर बघते. सकाळी चष्मा पुसणं, घसा खाकरणं चालू आहे. घसा कशाला खाकरायचा आता, असं मी विचारत नाही.

कादंबरी गेली. मालकांनी स्वतः पेन्सिल घेऊन तपासली, काही सापडलं नाही. काल पुढचं पुस्तक आलं, विहिरी खणण्याविषयी. हे आत्ताच प्रस्तावना चाळतायत.

तुला सांगायचंय ते वेगळंच. कादंबरीचं शेवटचं प्रकरण. दुपारची वेळ, मशीन आपलं एकसुरी वाचत होतं. नावाड्याची मुलगी तापाने दवाखान्यात, आणि मशीन म्हणालं, "पहाटे ती गेली." हे ताडकन म्हणाले, "थांबव. चुकलंय."

मी थांबवलं. विचारलं, "मूळ प्रतीत काय आहे?"

हे कागद खालीवर करत राहिले. परत विचारलं, तेव्हा म्हणाले, "तेच आहे. पण चुकलंय."

मला हसू आलं आणि रडूही आलं. लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही, हे मी सगळं आयुष्य पाळलं. ते पान मी आहे तसंच पास केलं. मग मशीन बंद केलं, पडदा विझवला आणि म्हटलं, "तुम्ही वाचा. शेवटचं प्रकरण, पहिल्यापासून, तुमच्या आवाजात."

त्यांनी चष्मा पुसला. दवाखाना आला, ताप आला, सगळं जसंच्या तसं. पहाट आली तिथे आवाज जरा अडखळला आणि पुढे गेला. मुलीचा ताप उतरला, तिने पाणी मागितलं, नावाडी तिला नावेत घालून घरी घेऊन आला. "पूर्णविराम," हे म्हणाले.

मी डोळे मिटून ऐकलं. एकही चूक काढली नाही.

तुझी आत्या